जवस आणि अलसी

बाजारात भरताची वांगी आली की मला काय करावं ते सुचत नाही. परवा शाळेतून येताना अशीच थांबले. हातगाडीवर ढीग लागला होता, हिरवीगार, पांढरट रेघांची, दोन्ही हातांनी धरावी लागतील अशी एकेक. जळगावात थंडी पडली हे कळायला स्वेटर लागत नाही, हा ढीग पुरतो. गाडीवरच्या मावशींनी एक वांगं माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "वजन पाहा ताई. हलकं शे ना? बी नाही आत." मी पाहत राहिले. खरं तर माझ्या डोक्यात तेल किती घालायचं याचा वाद सुरू झाला होता. वांगं चांगलं आणि तेल वाईट, की तेलही चांगलं पण कुठलं ते महत्त्वाचं, की हे सगळंच झूठ? सहा वर्षं झाली, माझं काही ठरत नाही. मावशींना वाटलं मी भाव पाडायला उभी आहे. त्यांनी आपणहून मूठभर मिरच्या वर टाकल्या.

भरीत आमच्याकडे पोट भरायला करत नाहीत, माणसं जमवायला करतात. लहानपणी धुळ्याजवळ मामाच्या शेतात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात वांगी टाकायची. वरची साल कोळशासारखी काळी व्हायची आणि आतून वाफ फुसफुसत बाहेर यायची. त्या धुराचा वास केसांत दोन दिवस राहायचा आणि आम्ही मुद्दाम डोकं धुवायचो नाही. मग लाकडी बडगीत ते वांगं मिरची-लसणासकट ठेचलं जायचं, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. तेल म्हणजे चमच्याने नव्हे, हात सैल सोडून. माझे वडील, आबा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा भरतात बुडवून वर उचलायचे आणि म्हणायचे, "मनगटापर्यंत ओघळ नाही आला, तर ते भरीत नाही, ते पथ्य." पथ्य हा आमच्या घरात तेव्हा शिवीसारखा शब्द होता.

तो शब्द सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात घरात येऊन बसला. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, धुळ्यात देवपूरला राहतात, ते आणि आई दोघंच. दिवाळीनंतर त्यांचा मोतीबिंदू काढायचा ठरला, त्याआधी रक्त तपासलं आणि कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. मी रजा टाकून गेले होते. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. रोज रात्री जेवणानंतर एक बारीकशी गोळी, तेल-तूप बेताने, सकाळी चालणं. एवढंच. आबांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि दवाखान्याच्या पायरीवरच जाहीर केलं, "ही गोळी एकदा धरली की मरेपर्यंत सुटत नाही. मी काही घेणार नाही." आईने माझ्याकडे पाहिलं. माझे थोरले काका साठीच्या आत, शेतात उभे असताना छाती धरून खाली बसले होते ते उठलेच नाहीत. आबांचा चेहरा, चालण्याची ढब, सगळं काकांसारखं. मी घाबरले. आणि घाबरलेली शिक्षिका जे करते ते मी केलं. यादी केली.

गोळी घ्यायची नाही तर नका घेऊ, निदान हे तरी खा, असा माझा डाव. तीन रात्री मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, हिंदीत, गुजरातीत, मराठीत. शाळेतल्या मैत्रिणींना विचारलं, आईला विचारलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलाही विचारलं. आणि सुवाच्य अक्षरात, आखलेल्या कागदावर अकरा नंबर लिहिले. लसूण, उपाशीपोटी. जवस. भिजवलेली मेथी. आवळा. ओट्स. अक्रोड. अलसी, कोमट पाण्यातून. दालचिनी. अर्जुनाच्या सालीचा काढा. पुढचे दोन आता आठवतही नाहीत. भूगोल शिकवणाऱ्या बाईने नकाशा काढावा तशी ती यादी मी काढली आणि आईच्या फ्रिजवर चिकटवून आले.

तो सगळा हिवाळा मला वासांनी आठवतो. दर शनिवारी अर्धी शाळा आटोपली की मी जळगावहून धुळ्याची बस पकडायची. पोहोचेपर्यंत दिवस कलायचा, पांझरा नदीवरून गार वारा यायचा आणि दार उघडताच अर्जुनाच्या सालीचा तुरट, ओल्या लाकडासारखा वास नाकात शिरायचा. मी ओट्यापाशी बसून आठवड्याचा लसूण सोलून ठेवायची. सोमवारी वर्गात फळ्याकडे वळले की पहिल्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. आबा खुर्चीत बसून माझ्या हातांकडे बघत राहायचे. ओट्स पहिल्यांदा दिले तेव्हा त्यांनी वाटी हलवून पाहिली आणि आईला विचारलं, "हाई घोडास्नं शे का माणसास्नं?" पण खाल्ले. मेथीचं पाणी, आवळ्याचा रस, दोन पाकळ्या लसूण, सगळं तोंड वाकडं करत पण बिनबोभाट घेतलं. इतकं आज्ञाधारक मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या मनाने तेव्हाच जरा शंका घ्यायला हवी होती.

पण शंका घ्यायला डोकं जागेवर कुठे होतं? एक जण सांगे तूप विष, दुसरा सांगे घरचं तूप अमृत. अंड्यातलं पिवळं काढा. नाही, पिवळ्यानेच तर फायदा. शेंगदाणे बंद. शेंगदाणे मूठभर रोज. खोबरं, करडई, सरकी, एकेका तेलाचे भक्त आणि एकेका तेलाचे वैरी. खानदेशात शेवभाजीवर लाल तवंग नसेल तर पाहुणा मनात म्हणतो, यांनी आपल्याला ओळखलं नाही. त्या घरात आई तेलाचा चमचा मोजून घालायची आणि घातल्यावर कढईकडे अशी बघायची की जणू कुणाचा तरी अपमान झालाय. ज्वारीची भाकरी चांगली म्हणून शहरातले लोक आता व्हिडिओ करतात, ती आम्ही जन्मभर खात आलो. मग वाढलं कशाने? आणि मग उतरायचं तरी कशाने? एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी माझी गत झाली होती.

संक्रांतीच्या सुमारास पुन्हा रक्त तपासलं. उतरलं होतं, चांगलंच उतरलं होतं. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मग आठवून ती उचलून आवळा ठेवला. श्रेय घ्यायला सगळे पुढे. आई म्हणाली जवस, शेजारच्या काकू म्हणाल्या अर्जुनाची साल त्यांनीच सुचवली होती, माझा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला चालणं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, पण इथे फांदी एक आणि कावळे चार. आबांनी मात्र सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्या आंडेरने केलं," म्हणाले, "या मुलीने. डॉक्टर मागे राहिला." पन्नाशीला टेकलेली बाई मी, पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून रडले. सुखाने रडले.

आबांचा सकाळचा फेरा झाला की मारुतीच्या देवळाजवळच्या कट्ट्यावर बैठक असायची. तिथे नाना असत. नाना आबांच्याच गावचे, देवपुरात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आता मुलगा पाहतो. आबांच्या लग्नातला कोट त्यांनीच शिवलेला. नानांना हा त्रास जुना. कितीतरी वर्षं ते रोज गोळी घेत होते आणि गोळीला कंटाळले होते. पाय दुखतात, तोंडाला चव नाही, गोळीनेच होतं सगळं, असं त्यांचं म्हणणं. त्या कट्ट्यावर आबांनी आपला रिपोर्ट दाखवला. मग माझी यादी दाखवली. मग यादीच्या झेरॉक्स काढून वाटल्या. संक्रांतीला लोक तिळगूळ देतात, आमच्या आबांनी जवस-अलसी वाटली. "गोळीबिळी काही नाही," ते सांगायचे, "हाई बठ्ठं घरनं शे." सगळं घरचंच.

नानांनी ऐकलं. गोळी बंद केली. यादी सुरू केली, अकराच्या अकरा.

थंडी सरत आली होती, होळीला काही दिवस उरले होते, तेव्हा आईचा फोन आला. नानांना रात्रीतून दवाखान्यात नेलं होतं. छातीत कळ आली, घाम फुटला, सुनेने प्रसंग ओळखून रिक्षा बोलावली म्हणून वाचले. मी दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेले ती सरळ दवाखान्यात. सून, कविता, बाहेर बाकावर बसली होती. माझ्याहून लहान, एरवी मला ताई ताई करणारी. तिने पर्समधून घडी पडलेला कागद काढला. माझंच अक्षर.

"डॉक्टरांनी विचारलं गोळी कधी बंद केली. मी सांगितलं दीड महिना झाला. ते माझ्यावर ओरडले, ताई." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "मी काही सोडलं नव्हतं हो. सगळं दिलं. जवस दिलं, अलसी दिली. तरी असं कसं झालं?"

वर्गात मुलांनी अवघड प्रश्न विचारला तर मी म्हणते, उद्या सांगते. तिथे तेही म्हणता येईना.

येताना वाटेत आईने सांगितलेलं सामान घ्यायला आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात शिरले. दुकानाचे मालक, सेठ, मूळचे राजस्थानचे, पण चार पिढ्या इथेच. नानांचं कळलं होतं त्यांना. हळहळले. मी म्हटलं, सेठ, अलसी आता नको, जवसही नको. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, एक विचारू का? तुमच्या यादीत दोन्ही का लिहिलं?"

"म्हणजे?"

"जवस ना अलसी एकच की. आम्ही अलसी म्हणतो, तुम्ही जवस म्हणता. मागं पोतं एकच आहे." त्यांनी मागे हात केला. "मला वाटलं तुम्ही एक दळून सांगितली, एक तशीच सांगितली. शिकलेल्या माणसाला काय विचारायचं? सगळं देवपूर दोन-दोन पुड्या नेत होतं."

आईने सांगितलं तो जवस मी लिहिला. हिंदी व्हिडिओत ऐकली ती अलसी लिहिली. आईची जवसाची चटणी मी जन्मभर खाल्ली होती, पण ती भाजलेली, काळपट, खारट. पाकिटातल्या तपकिरी भुकटीशी तिचं नातं मला दिसलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या तोंडून विचित्र हसू फुटलं. सेठना माझी दया आली असावी. समजूत घालायला ते म्हणाले, "घाबरू नका हो. आबांना काही झालं का? त्यांची गोळी चालू आहे ना, मग काळजी कशाची."

"कुठली गोळी?"

मग त्यांना कळलं की आपण नको ते बोललो. शेजारचं औषधाचं दुकान त्यांच्या धाकट्या भावाचं. मी तिथे गेले. त्यांनी मला आबांची मुलगी म्हणून ओळखलं आणि काही न लपवता सांगितलं. आबा दर महिन्याला येतात, चिठ्ठी दाखवतात, पाकीट घेतात. एकही महिना चुकलेला नाही. पहिलं पाकीट, डॉक्टरांकडे जाऊन आलो त्याच दिवशी संध्याकाळी नेलेलं.

घरी आबा खुर्चीत बसून होते. मी चप्पलही काढली नाही. "आबा, गोळी घेता तुम्ही?"

त्यांनी नाकारलं नाही. दाढीच्या डब्याकडे बोट केलं. त्यात ब्रशखाली पाकीट होतं, बरंचसं संपलेलं. काकांसारखं मरायचं नव्हतं, म्हणाले. त्या पायरीवर बोलून गेले आणि मग भीती वाटली, म्हणून संध्याकाळीच आणली.

"मग मला सांगायचं ना! आईला तरी!"

"कसं सांगू?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तू बसने येत होतीस. लसूण सोलून सोलून तुझ्या बोटांची सालं निघाली होती. रिपोर्ट आला तेव्हा तुझं तोंड पाहिलं मी. त्या तोंडाला काय सांगू, की हे गोळीने झालं म्हणून?"

मला राग आला होता आणि त्याच वेळी त्यांच्या पायाशी बसावंसं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं, कुणास ठाऊक. खोटं त्यांचं होतं, पण ते माझ्यावरच्या मायेपोटी होतं. यादी माझी होती, पण ती त्यांच्यावरच्या मायेपोटी होती. आणि कळ आली होती तिसऱ्याच माणसाच्या छातीत, ज्याचा या दोन्हीशी काही संबंध नव्हता. लसणाने काही झालं असेल का? जवसाने थोडं? चालण्याने? की फक्त त्या बारीकशा गोळीने? डॉक्टरांना मी पुढे विचारलं. ते म्हणाले, खाण्याने मदत होते ताई, पण ज्याला गोळी लागते त्याने ती सोडायची नसते, निदान आम्हाला विचारल्याशिवाय नाही. साधं वाक्य. ते मी यादीच्या डोक्यावर पहिल्या नंबरला लिहायला हवं होतं आणि मी तिथे लसूण लिहिला होता.

आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "नानाले कोन सांगई?"

आबा दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी, नाना घरी आल्यावर, ते स्वतःच उठले. मी सोबत गेले. दहा मिनिटांची वाट आम्हाला अर्धा तास लागला. आबा मध्येच थांबायचे, कुणाच्या तरी कुंपणावरची बोगनवेल बघत राहायचे, मग पुन्हा चालायचे. नाना खाटेवर उशांना टेकून बसले होते. गालफडं बसली होती, पण आबांना पाहून हसले. कविता पाणी ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली.

आबांनी खिशातून पाकीट काढून खाटेवर ठेवलं. दोघं एकमेकांत नेहमी अहिराणीच बोलत, गोळीला गोयी म्हणत.

"नाना, मी गोयी लेस. रोज. पहिला दिनपाईन लेस."

नानांनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"मी खोटं बोलनू कट्टावर," आबा म्हणाले. "त्या जवसनं काही व्हयनं नही. गोयीनं व्हयनं. मन्हामुये तुले हाई व्हयनं." त्यांचा आवाज फुटला. मी आबांना रडताना थोरल्या काकांच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

नानांनी पाकीट खाली ठेवलं. मग त्यांनी आबांचा हात धरला आणि लबाडी पकडल्यासारखे डोळे बारीक करून हसले.

"तू आते खोटं बोली ऱ्हायना," ते म्हणाले. "माले समजस. मी गोयी लेवाले पाह्यजे म्हणीसन तू बोली ऱ्हायना. कालदिन दुकानवरथीन पाकीट लई उना, ना?"

"नही रे नाना! खरं शे!"

"ऱ्हाऊ दे." नानांनी आबांच्या हातावर थोपटलं. "तू मन्हासाठे इतलं खोटं बोलना, मी गोयी लेस आते. सोडाव नही."

आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. सांग याला, खोटं मी कट्ट्यावर बोललो, आत्ता नाही, असं ते डोळे म्हणत होते. मी तोंड उघडलं. सेठ, औषधाचं दुकान, दाढीचा डबा, सगळं ओठावर होतं. पण नानांनी तोवर पाकिटातली एक गोळी काढून कविताकडून पाण्याचा पेला घेतला होता. कविता पुढे झाली, "नाना, ती त्यांची आहे, तुमची वेगळी आहे," म्हणत तिने ती हातातून काढून घेतली, डॉक्टरांनी दिलेली त्यांची त्यांना दिली. ती त्यांनी गिळली. आता ते घेणार होते. मी तोंड मिटलं. बरोबर केलं की चूक, मला त्या दिवशी कळलं नाही आणि मी खोटं कशाला सांगू, आजही कळत नाही.

नाना आजही रोज गोळी घेतात, रोज कट्ट्यावर येतात. नवीन कुणी आलं की आबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "हाऊ मन्हा दोस्त. आख्खा जल्ममा एकच डाव खोटं बोलना, ते बी मन्हा जीवसाठे." आणि आबा, बाजूला बसलेले, खाली मान घालून ऐकून घेतात.